साळूच्या बिळावरचा धूर

माझ्या धाकट्या भावाला दमा होता. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत दम्यावर औषध सांगणारे घरोघर होते, पोराला धरून बसणारी मात्र एकटी आई. वडील मुंबईला गिरणीत. शाळेतून आले की मी पायरीवरच कान द्यायची. आतून शिट्टीसारखा श्वास ऐकू आला की आल्या पावली पळून जावंसं वाटायचं.

घराच्या पश्चिमेला जांभ्याच्या कपारीत साळिंदराचं बीळ होतं. आमच्याकडे त्याला साळू म्हणतात. दिवसा आत झोपायचं आणि रात्री आमच्या परसातले करांदे, सुरण उकरून खायचं. सकाळी ते खड्डे बघून आई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. भाऊ मात्र खड्ड्यांपाशी गळलेले काळे-पांढरे काटे वेचून आणायचा. साळूचा काटा घरात ठेवला की भांडणं लागतात, म्हणून आई ते फेकून द्यायची. तो पुन्हा आणून उशीखाली दडवायचा. भांडायला आमच्या घराला काट्याची गरज कधी पडली नव्हती, ते सोडा.

त्या थंडीत त्याला आडवं होणंच जमेना. मांडीवर उशी घेऊन, पुढे वाकून तो बसून असायचा. इंजेक्शनचा असर उतरला की पुन्हा तेच. शेजारची काकी आईला म्हणाली, "साळूची पोटी, तिच्या पोटातली पिशवी, सुकवून उगाळून दे गो. माझ्या भावाचा दमा तिनंच गेला." बुडत्याला काडीचा आधार. शिमग्याला वडील गावी आले, तर आईनं त्यांना चहासुद्धा धड पिऊ दिला नाही.

शिमग्यात वाडीतले पुरुष पारधीला जातातच. या वेळी लांब जायची गरज नव्हती. सकाळी त्यांनी बिळाची मागची तोंडं दगडांनी बुजवली, पुढच्या तोंडाशी नारळाच्या काथ्याची सोडणं पेटवली आणि वर ओला पाला आणि सुक्या मिरच्या टाकल्या. वडील सुपानं वारा घालत होते. आतून काटे खुळखुळले, मग पाय आपटल्याचे आवाज आले. मला अजिबात दया आली नाही. ते मरायला हवं होतं आणि माझा भाऊ जगायला हवा होता.

दुपारी वारा फिरला. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मिरच्यांचा धूर कौलांखालून घरात शिरला. आई भावाला उचलून अंगणात धावली. त्याचे ओठ निळे पडले होते. "विझवा ती आग! पोर गेला माझा!" वडील सूप टाकून आले, तर ती त्यांच्याच अंगावर गेली. जसं काही हे सगळं त्यांच्याच मनातून निघालं होतं. तेही ओरडू लागले. पोर दोघांच्या मध्ये.

भावानं वडिलांचा सदरा धरला. एकेका शब्दाला त्याला थांबावं लागत होतं. "बाबा... तो पन आत... असाच करत असंल."

वडील पळत बिळाकडे गेले आणि पेटती सोडणं त्यांनी अनवाणी पायानं उधळून टाकली. मागचे दगड ओढून काढले. कुणीच बाहेर आलं नाही. शेवटी साळू मेलेलीच निघाली आणि तिच्यामागे एक पिल्लू. त्याचे काटे अजून मऊ होते.

संध्याकाळपर्यंत भावाचा श्वास परत आला. आईनं पोटी सुकवली, उगाळली, चमच्यात घेतली. त्यानं दात आवळले. तिनं मारलं, पाया पडली, ऊर बडवून रडली. त्यानं तोंड उघडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तो गेला.

मग घरात कुणी भांडेनासंच झालं. त्याचं अंथरूण उचलताना उशीखाली काटे सापडले. मी ते फेकायला निघाले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊदे," ती म्हणाली. "लागूदेत भांडणा."