चुलीपाशी पोपटांचा खांब

आमच्या वडिलांना घर सुधारायची भारी हौस होती, पण रस्त्यावरून दिसेल तेवढ्याच घराची. लिंबागणेशच्या वाटेवर आमचं गाव. घराला माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचं सपाट छत. दर साली मृग लागायच्या आत त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. शहाणी माणसं आधी जुनी माती खरवडून काढत आणि मग नवी टाकत. वडील जुनीला हात लावत नसत. माती काढायला गडी लागतात आणि गड्याला भाकरी लागते, असा त्यांचा हिशोब. आजोबांचाही तोच होता. त्यामुळे आमच्या डोक्यावर दोन पिढ्यांची काटकसर येऊन बसली होती.

तिचं वजन एकट्या आईला ठाऊक होतं. चुलीवरच्या तुळईला दह्यादुधाचं शिंकं टांगलेलं असे. ती लग्न होऊन आली तेव्हा त्यातल्या मडक्याखालून जाताना डोक्यावर वीतभर जागा उरायची. मी जाणती झाले तोवर मडकं तिच्या कपाळाला लागू लागलं. तिनं वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, दोरी सैल पडली असेल. तिनं दोरी नवी बांधली. दोन पावसाळे गेले आणि मडकं पुन्हा कपाळाला आलं. मग वडील म्हणाले, तूच उंच झाली असशील. आमच्या घरात बाई चाळिशीत उंच होऊ शकत होती, तुळई मात्र वाकू शकत नव्हती.

त्या साली कापूस बरा पिकला आणि हातात निजामाचे चार हाली रुपये आले. आमच्या चुलत्याच्या ओसरीला सागवानी नक्षीचे दोन खांब होते, म्हणून निजामाचा गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, पाहणीला आला की मुक्काम तिथं करायचा. वडिलांना हे फार दिवस सलत होतं. त्यांनी आपल्या ओसरीला चार खांब करून घ्यायचे ठरवले. परळीहून सुतार बोलावला. भिंतीवर कोळशानं खांब रेखाटले, पुसले, पुन्हा रेखाटले. खांबावर घोडे असावेत की पोपट, यावर आठ दिवस गावातल्या रिकामटेकड्यांनी आमच्या घरचा चहा पिऊन खल केला. शेवटी पोपट ठरले. तुळईचा विषय कुणी काढला नाही, कारण तुळईवर पोपट बसत नाहीत.

आईनं मला पाठवून सुतारालाच आत बोलावलं. त्यानं तुळईला तासायचा वाकस लावून बघितला, तर आतून किडीचा भुसा गळाला. तो ओसरीवर जाऊन म्हणाला, मालक, तीनच खांब करू आणि चौथ्याच्या पैशात आतली तुळई बदलू. माती तेवढी उतरवून घ्या.

वडील हसले. "चुलीकडं कोण येतंय बगायला?"

आई दाराआड उभी होती. ती पीठ मळायला गेली.

मृग बरसला तेव्हा तीन खांब उभे राहिले होते, चौथा अंगणात पडून होता आणि गिरदावर दोन दिवसांवर आला होता. वरची माती भिजून जड झाली. आई भाकऱ्या थापत होती, मी जाळ सारत होते. आधी तव्यावर माती पडली, मग तुळई मोडल्याचा आवाज आला. आईनं मला दाराबाहेर ढकललं. तिला निघायला मिळालं नाही. मोडकं टोक दारात आडवं आलं आणि ती चुलीमागच्या कोपऱ्यात अडकली.

सुतार आणि दोन गडी चौथा खांब उचलून धावले. तुळईखाली तो हातभर लांब निघाला. सुतारानं वरच्या टोकाला करवत लावली, तसे वडील पुढं झाले.

"पोपट सोडून काप."

सुतारानं करवत काढून घेतली. मग त्यानं आणि गड्यांनी तो खांब अंगणात फिरवला आणि बुडाकडून कापला. तेवढा वेळ आई आत उभी होती आणि तिच्यावर माती गळत होती. मी रडत नव्हते. मला बापाचा राग आला होता, आणि आज एवढं वय झालं तरी तो राग माझ्याकडे आहे.

खांब बसला, तुळई थांबली, आई वाकून बाहेर आली. तिनं आधी केस झटकले आणि मग विचारलं, भाकरी करपली का.

ठरल्या दिवशी गिरदावर आला. ओसरीला तीन सागवानी खांब आणि चौथ्या जागी बाभळीचा टेकू. वडील पोपट दाखवत होते, तो वर ओल आलेल्या छताकडे बघत होता. "ये छत गिरती तो नहीं ना?" एवढं विचारून तो ताक पिऊन उठला आणि चुलत्याकडे मुक्कामाला गेला.

वडील तणतणत आत आले. म्हणाले, आतला खांब काढायचा, चुलीपाशी टेकू लावायचा.

आई चुलीपुढून उठली नाही. "ऱ्हाऊ द्या. खांब आता न्हाई हलायचा. तुमाला वर चढून माती उतरवायची आसंल तर कुदळ कोपऱ्यात हाय."

वडील कुदळ घेऊन वर गेले. दोन पिढ्यांची माती उतरवायला आठ दिवस लागले.

पुढं गावच्या बायका तो खांब बघायला येऊ लागल्या. इतकी नक्षी कुणाच्याच चुलीपाशी नव्हती. वडील पाहुण्यांना आत नेऊन दाखवायचे आणि सांगायचे, मी वेळेवर हा खांब करून घेतला म्हणून घर वाचलं. मरेपर्यंत हेच सांगत राहिले. आई त्यांच्या बोलण्यात कधी मधे पडली नाही. रवीची दोरी त्याच खांबाला बांधून ती ताक घुसळत बसायची. आणि धुरानं वर्षभरातच पोपटांचे कावळे झाले होते.