फिरत्या आकड्यांचा शिक्का

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण मनातून अजून गेली नाही ती घटना अकरा पाकिटांची आहे. त्या पाकिटांत औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्स होत्या.

मी तेव्हा अमरावतीत एका पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. एप्रिल संपत आला होता. सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसलो, तेवढ्यात एक डॉक्टरबाई आत आल्या. किडनी रोपण झालेल्या रुग्णांवर त्या उपचार करत. हातात एक मोठी वही आणि कापडी पिशवी होती.

"साहेब, ही फिर्याद आहे की नाही, हे मलाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण आकडे जुळत नाहीत."

आकडे जुळत नाहीत म्हटले की माझे कान टवकारतात. मी त्यांना बसायला सांगितले.

दुसऱ्याची किडनी बसवली की शरीर तिला परकी समजते आणि तिच्यावर हल्ला करते. तो हल्ला थोपवण्यासाठी रुग्णाला दर बारा तासांनी एक औषध घ्यावे लागते, तेही जन्मभर. रक्तात ते औषध किती आहे हे मोजता येते. त्या मोजणीला ते 'लेव्हल' म्हणतात. लेव्हल फार वाढली तर अपाय, फार उतरली तर शरीर किडनी नाकारते. आपल्या भागातल्या रुग्णांना नेमकी किती मात्रा पुरते, यावर बाईंचे संशोधन सुरू होते. त्यात अडतीस रुग्ण होते. प्रत्येकाने गोळी घेतल्याची वेळ वहीत लिहायची आणि रिकामी स्ट्रिप फेकून न देता पुढच्या तपासणीला परत आणायची, असा त्यांचा नियम होता.

"गेल्या सहा आठवड्यांत अकरा जणांची लेव्हल घसरली," त्या म्हणाल्या.

"गोळ्या चुकवत असतील," मी म्हणालो. पोलिसाच्या तोंडून आधी संशयच निघतो.

"मीही तेच म्हणाले. रागावलेसुद्धा. मग मात्राही वाढवून दिली, तरी लेव्हल वर येईना. साहेब, अकरा माणसं दीड महिन्यात एकदम निष्काळजी कशी होतील?"

मी त्यांची वही पुढे ओढली.

बाहेरच्या बाकावर त्यांच्यासोबत आलेल्या दोघी बसल्या होत्या. एक तिशीतली जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, आणि दुसरी तिची आई. आईचीच किडनी लेकीला बसवली होती. मी बोलावताच म्हातारीने "जयभीम साहेब" केला आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"साहेब, माह्या पोरीनं एक बी गोळी चुकोली नाही. सकाळी नऊ, रात्री नऊ. ऑपरेशन झाल्यापासून ते माह्यापाशीच राहते, मी घड्याळापाशी बसून राहतो. हिची सासू म्हणते, नोकरीच्या नादात विसरते. अन् जावई बी तिचीच री ओढते. मले सांगा, आपल्या पोटातली किडनी काढून देल्ली मी, अन् तिले गोळी विसरू देईन?"

"आई, हळू बोल," लेक म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने सरळ सांगितले, "साहेब, रक्तातलं क्रिएटिनिन वाढत चाललं आहे, म्हणजे किडनी थकत चालली आहे. ही किडनी गेली तर दुसरी देणारं घरात कोणी नाही. आणि घरात सगळे म्हणतात, तूच घालवलीस."

मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि डॉक्टरबाईंकडून सगळ्यांच्या स्ट्रिप्स मागवल्या. जिल्ह्याच्या औषध निरीक्षकांनाही लगेच बोलावून घेतले.

त्या दुपारी मी, ठाण्याची कागदपत्रे लिहिणारा माझा रायटर आणि एक जुने जमादार कागद आखून बसलो. डावीकडे लेव्हल घसरलेल्या अकरा जणांची स्ट्रिप्सची पाकिटे, उजवीकडे ठीक असलेल्या सत्तावीस जणांची. प्रत्येक स्ट्रिपवरचा बॅच नंबर रायटर वाचायचा आणि मी लिहायचो. उजव्या बाजूला तोच तोच नंबर वीस-वीस वेळा आला. ते बरोबरच होते, कारण कारखान्यात एका खेपेला तयार झालेल्या हजारो स्ट्रिप्सवर एकच नंबर छापतात. डाव्या बाजूला मात्र एकही नंबर दुसऱ्यांदा आला नाही. मी ते आकडे क्रमाने लावले. चौदाशे दोन, चौदाशे तीन, चौदाशे चार, मध्ये दोन-चार गळालेले, पुन्हा चौदाशे नऊ, दहा. वेगवेगळ्या गावांतल्या अकरा घरांतल्या स्ट्रिप्स माळेतल्या मण्यांसारख्या एकामागे एक बसत गेल्या.

"असे कोण नंबर मारतो?" मी म्हणालो.

जमादार अकोटचे. त्यांनी एक स्ट्रिप उचलून उजेडात धरली आणि हसले. "साहेब, हे दवाईवाल्याचं काम नाही. हे तं गाठीवाल्याचं काम आहे."

"म्हणजे?"

"माहा बाप जिनिंगमंदी गाठी मोजे. कापसाच्या हरेक गाठीले तिचा आपला नंबर. एकच नंबर दोन गाठींवर पडला का मुकादम बोंबलत ये. ज्यानं हे मारलं ना, त्यानं जिंदगीभर गाठींवर नंबर मारले असतीन."

औषध निरीक्षकांनी भिंग लावून पाहिले. नव्या शाईखाली पुसलेल्या अक्षरांच्या खुणा होत्या. जुन्या स्ट्रिप्सची तारीख आणि नंबर पुसून नवे मारले होते. त्यांनी नमुने प्रयोगशाळेकडे रवाना केले. रुग्णालयाजवळच्या दोन दुकानांची बिले तपासली, तेव्हा हा माल अकोल्याच्या एकाच ठोक विक्रेत्याकडून आल्याचे दिसले.

आता पेच असा होता की अकरा घरांत त्याच गोळ्या होत्या आणि दर बारा तासांनी एकेक पोटात जात होती. त्या परत मागवल्या तर बोभाटा होणार, आणि ठोक विक्रेता माल हलवणार. आधी छापा घालायचा तर दुसऱ्या जिल्ह्यातली परवानगी, पंच, बंदोबस्त, यात दोन दिवस सहज जाणार.

जमादार म्हणाले, "खबर फुटली तं माल जाते साहेब."

"जाऊ द्या. माल पुन्हा शोधता येईल. किडनी गेली तर कुठून आणणार?"

डॉक्टरबाईंनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना फोन केले. दुकानातली गोळी बंद, रुग्णालयातल्या आमच्या विभागातून नवी घेऊन जा, एवढेच सांगितले, कारण सांगितले नाही. दूर जंगलातल्या सेमाडोहकडच्या एका रुग्णाचा फोन लागेना. त्याच्याकडे मी एका शिपायाला मोटारसायकलवर खरी औषधे देऊन पाठवले. "घरी नसला तर शेतात जा, शेतात नसला तर बाजारात जा, पण हातात दे आणि सही घे," असे बजावले. तो सही घेऊनच परत आला.

दोन दिवसांनी आम्ही अकोल्यात पोहोचलो. स्थानिक ठाण्यात नोंद केली, दोन पंच घेतले आणि ठोक विक्रेत्याचे गोदाम उघडले. पुढे पक्की खोली, मागे टिनाची शेड. अकोल्याचे ऊन ज्याने सोसले आहे, त्याला त्या शेडमध्ये काय असेल ते सांगायला नको. टिनाला हात लावताच चटका बसला. आत खोके रचलेले, आणि मुदत संपलेल्या स्ट्रिप्समधल्या कॅप्सूलच्या गोळ्या उकाड्याने मऊ पडून पन्नीला चिकटलेल्या. नमुन्यांचा अहवाल पुढे आला, त्यात औषधाचा अंश निम्म्यापेक्षा कमी निघाला. कोपऱ्यात थिनरचा डबा, चिंध्या आणि फिरत्या आकड्यांचा एक रबरी शिक्का सापडला. आम्ही सगळे जप्त केले.

मालक पन्नाशीचा, पांढऱ्या कपड्यांतला, शहरात मान असलेला माणूस. तो शांतपणे म्हणाला, "हा माल कंपनीला परत पाठवायचा आहे. शिक्का कोणाचा, मला ठाऊक नाही." गोदामात एक साठीचा कामगार होता. तो म्हणाला, "मी झाडझूड करतो जी. मले वाचता बी येत नाही." दोघांचे जबाब आधीच ठरवल्यासारखे होते.

माझा अनुभव असा की माणूस तोंडाला लगाम घालू शकतो, हाताला नाही. कामगाराला मी चहा पाजला. मग पंचांसमोर दहा कोरे कागद आणि तो शिक्का त्याच्यापुढे ठेवला.

"काका, जरा या कागदांवर मारून द्या."

त्याने पहिल्या कागदावर शिक्का मारला आणि अंगठ्याने शेवटचा आकडा एक घर पुढे सरकवला. दुसरा मारला, पुन्हा सरकवला. पाचव्या कागदावर मी त्याला थांबवले.

"आकडा काहून फिरवला?"

"एक नंबर दोन गाठींवर मारत नसतेत साहेब," तो सहज म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. अकोटच्या जिनिंगमध्ये त्याने तीस वर्षे हेच काम केले होते.

डॉक्टरबाईंनी दिलेली लेव्हलची नोंद मी त्याला दाखवली आणि ही गोळी कोणाच्या पोटात जाते ते सांगितले. "मालक म्हणे, ताकदीची दवाई हाये, तारीख गेली तरी चालते," एवढे बोलून तो खाली मान घालून बसला. मग त्याने अकोटमधली आणखी एक खोली दाखवली. तिथे उरलेला माल मिळाला, आणि एक चिठ्ठीही. तिच्यावर मारायची तारीख आणि एक नंबर हाताने लिहिलेला होता, चौदाशे एक.

चिठ्ठी पुढे करून मी मालक आणि कामगार यांना समोरासमोर बसवले. मालक अजूनही "माहीत नाही" म्हणत होता. मी त्याच्यापुढे आकड्यांचा क्रम लावलेला कागद ठेवला. त्याने तो वाचला आणि पहिल्यांदा त्याचा तोल गेला.

"गाढवा! सगळ्यावर एकच नंबर मारायचा होता!"

"मंग तसं सांगाचं होतं ना मालक," कामगार म्हणाला. "मले वाटलं, तुमी पहिला नंबर देल्ला."

 जमादार खिडकीकडे तोंड करून खोकू लागले. ते हसू दाबत होते, हे मला पाठीवरून कळत होते. पोलिसांसमोरचे बोलणे न्यायालयात कबुली म्हणून टिकत नाही, पण अकोटचा माल, चिठ्ठीतले मालकाचे अक्षर आणि शिक्का हे सारे टिकले. खटला उभा राहिला आणि मालकाला शिक्षा झाली.

सुनावणीत बचावाच्या वकिलांनी म्हातारीला विचारले, "इतक्या महिन्यांच्या वेळा तुम्हाला कशा आठवतात?"

"वकीलसाहेब, आपल्या आंगातला तुकडा दुसऱ्याच्या आंगात ठेवून पाहा. मंग घड्याळ पाहा लागत नाही."

अकरापैकी दहा किडन्या वाचल्या. एकाला पुन्हा डायलिसिसवर जावे लागले. तो आकडा मी लपवत नाही. शिक्षिकेला महिनाभर रुग्णालयात राहावे लागले, इंजेक्शने घ्यावी लागली. खरी गोळी सुरू झाल्यावर वाढवलेली मात्रा डॉक्टरबाईंनी काळजीने कमी केली. लेव्हल जागेवर आली, क्रिएटिनिन उतरले.

या तपासाने मला एक गोष्ट शिकवली. गुन्हा सिद्ध करणे हेच आपले काम, असे आम्ही मानतो. पण ज्याच्यावर विनाकारण ठपका आला आहे, त्याचे खरेपण सिद्ध करणे हेही तितकेच पोलिसाचे काम आहे, आणि ते आमच्याकडून क्वचितच होते. मीही पहिल्या मिनिटाला "गोळ्या चुकवत असतील" हेच म्हटले होते.

ती शिक्षिका रुग्णालयातून सुटल्यावर ठाण्यात आली. सत्काराचा नारळ वगैरे काही नव्हते. म्हणाली, "साहेब, एक दाखला द्याल? साध्या कागदावर चालेल."

मी ठाण्याच्या छापील कागदावर दिला. जावक क्रमांक टाकला, सही केली, गोल शिक्का मारला. 'तपासात निष्पन्न झाले की, सदर महिलेने औषधाची एकही मात्रा चुकवलेली नाही.' तिने तो दोनदा वाचला, घडी न घालता वहीत ठेवला आणि त्याच रात्री सासरी गेली. तिथे तिने तो सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवला, असे तिच्या आईने मला नंतर सांगितले. वाचून झाल्यावर सासूच उठली आणि घड्याळाकडे पाहून म्हणाली, "नऊ वाजून राहिले, गोळीले पाणी आणू का तुले?"