अंग वाळल्यावर डोळे

पवनारला राहणारी माझी ताई तान्ह्या पोळ्याआधी गल्लीतल्या मुलांचे लाकडी नंदीबैल रंगवून द्यायची. तिचा दमा वाढला आणि सावंगीच्या डॉक्टरांनी ऑइलपेंट, टर्पेंटाइन सगळं बंद केलं. तिनं ब्रश कुणाला तरी देऊन टाकले. रंगाचा विषय निघाला की उठून आत जायची. मला ते बघवत नसे.

मी पिपरी मेघेत टॅबलेटवर पुस्तकांची चित्रं काढतो. रंगांचं नवं सॉफ्टवेअर घेतलं त्या आठवड्यात ताई शेतातली वांगी घेऊन आली. मी टॅबलेटचं पेन तिच्या हातात कोंबलं.

"हा काय रंग हाय? ना वास, ना चिकटपणा. तुले दुसरा धंदा नाई काय?"

तरी तिनं एक पिवळा पट्टा ओढला. त्यावरून निळा.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असं केलं की मळकट राखाडी यायचा, आणि मी त्याच्यावर वर्षानुवर्षं चरफडत आलो होतो. इथं निळ्याच्या वाटेत हिरवा उगवला. एका कडेला पोपटी, मधे गर्द, आणि त्यात ब्रशाच्या केसांच्या बारीक रेघा. तिनं हात हलका केला तशी रेघ खरखरीत, कोरडी झाली. कुठला रंग किती उजेड गिळतो याचं आत गणित चालतं, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला.

ताईचा आवाज एकदम खाली आला. "ब्रशाले लागलेला रंग याच्या ध्यानात राह्यते?"

मग ती नंदीबैलच रंगवायला लागली. हिरवी झूल झाली, पांढरं अंग झालं, लाल शिंगं, गळ्यात घुंगरांची माळ. रंग बदलला की पेन पदराला पुसायची.

"अवं, त्याले काई लागलं नाई," मी हसलो.

"तू गप राय."

एवढा वेळ ती रंगवत होती आणि एकदाही खोकली नाही. हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

बैल झाला. ताईनं पेन पुसून खाली ठेवलं.

"डोळे राह्यले ना," मी म्हणालो.

"अंग वलं हाय अजून. वल्यावर डोळा काढला का फिसकटते. उद्या येतो मी, तवा काढतो."

रंग क्षणात वाळवायचं बटण तिच्या बोटाजवळच होतं. सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ब्रश देऊन टाकल्यापासून रंगाबद्दल तिच्या तोंडून 'उद्या' मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

ऑटोत बसता बसता ती ओरडली, "खिडकीत ठेवजो, वारा लागू दे. अन् कोणाले हात लावू देऊ नको!"

मी घरात आलो, खिडकी उघडली आणि टॅबलेट तिथं वाळत ठेवला.