धारवाल्याचं तिसरं चाक

धारवाल्याचा संसार एका सायकलवर उभा होता, आणि सायकल स्टँडवर. गल्लीच्या तोंडाशी ती लावायची, सीटवर बसून पायडल मारायचं, की दांडीवरचं दगडी चाक फिरायला लागायचं. त्यावर सुऱ्याकात्र्यांना धार लागायची. दिवसभर पायडल मारून आपण कुठेच पोचत नाही, पण घर चालतं, असं तो म्हणायचा.

मग सरकारने चाकपट्टी आणली. दोन चाकांना माफी, तिसऱ्यापासून कर. नाक्यावरच्या शिपायाने सहज विचारलं, "काका, चाकं किती?" गपगुमान दोन म्हणायचं की नाही? पण या धंद्यात चाक म्हणजे दगडाचं. बाकीची दोन नुसती ओझं वाहायला. त्याने आधी दगडच मोजला आणि छाती फुगवून म्हणाला, "तीन." आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला तो असा. सायकल जप्त झाली.

कचेरीत त्याने हात जोडले. "साहेब, ते चाक जमिनीला टेकतसुद्धा नाही."

"मग ते हवेतलं वाहन झालं," साहेब म्हणाले. "त्याचा दर जास्त आहे."

आणखी बोललो तर जहाजाचा कर बसेल, या धास्तीने तो घरी आला. चूल थंड पडायची वेळ आली होती. बायको करवादली, "अहो, ज्याने हा कर काढला ना, त्यालाच बसवा पायडल मारायला."

आणि झालं तसंच. कर भरायच्या नव्या खिडकीचं उद्घाटन करायला खुद्द मंत्री कचेरीत आले. कात्री चालवली, तर फीत चेपली, चुरगळली, पण कापली जाईना. गावातली धार लावायची एकुलती एक सोय मागच्या आवारात जप्त पडलेली, मग कात्री बोथट नाही तर काय असणार? धारवाल्याला बोलावणं गेलं. तो सीटवर बसणार, तोच साहेब आडवे आले.

"चाक फिरलं की कर लागू. आधी भरा."

त्याचे खिसे रिकामे. मंत्री ताटकळले. शेवटी साहेबांनाच आठवलं, की मंत्री स्वतः चालवतील त्या वाहनाला कर माफ असतो.

मंत्री कोट सावरत सीटवर बसले. धारवाल्याने कात्री दगडाला लावली. "दमाने, साहेब. पाय एकसारखा चालू द्या." ठिणग्या उडाल्या. अंगरक्षक सवयीने दोन्ही बाजूंनी धावायला लागले, आणि सायकल हलत नव्हती म्हणून जागच्या जागी धावत राहिले. फीत कापली गेली. मंत्री खूश झाले आणि सायकल परत मिळाली. अट एवढीच, की चाक मंत्र्यांनीच फिरवायचं.

मंत्री गल्लीत येतात ते फक्त मतं मागायला. तेव्हा घराघरातून सुऱ्या बाहेर पडतात. भाषण कुणी ऐकत नाही, सगळे त्यांच्या पायांकडे बघतात. एरवी गल्ली भाजी हातानेच मोडते आणि धारवाला सायकल पुसत बसतो. पाय अजून धडधाकट आहेत, म्हणूनच त्याला जास्त रडू येतं.

मागच्या खेपेला मंत्री घाम पुसत उतरले. धारवाल्याने धीर करून विचारलं, "साहेब, हा कर तेवढा काढता येईल का?"

"काढायचाच आहे. आधी निवडून तर येऊ दे," मंत्री म्हणाले. "तोवर दुसरं काही असेल तर सांगा."

धारवाल्याने थोडा विचार केला.

"मग तुमचं सरकार दर महिन्याला पाडत जा, साहेब. आमची चूल तरी पेटेल."