पहूरच्या डॉक्टरांची फाइल

अमळनेरला रामदासनानांच्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेलो तो नोकरी मागायला. नानांनी माझे गुण विचारलेच नाहीत. एक पासबुक हातात दिले आणि म्हणाले, "मोठ्यानं वाच." ती त्यांची रीतच होती. प्राप्तिकराचे विवरणपत्र पाठवण्याआधी वर्षभराची प्रत्येक जमा पक्षकाराला वाचून दाखवायची आणि ती कशाची म्हणून विचारायचे, "हाऊ पैसा कसाना शे?" संगणकाच्या काळात ही पोथी कशाला, म्हणून आम्ही मागे हसत असू. सर्वांत जास्त मीच.

करसल्लागार म्हणून नानांचा लौकिक आपण जाणताच. पिंपळनेरहून दोन एसट्या बदलून येणाऱ्या एका परिचारिकाबाईंना ते आधी जेवायला बसवत, कागद मग उघडत. "उपाशी माणूस कशावरही सही करतो," असे त्यांचे म्हणणे. पण पुढची हकिकत त्यांच्या या गौरवग्रंथात दुसरे कोणी लिहिणार नाही.

साथीच्या काळात पहूरच्या एका डॉक्टरांचे छोटे रुग्णालय कोविडसाठी घेतले गेले. खाटा आणि सेवेपोटी त्यांना सरकारी रक्कम मिळाली. त्या वर्षी नाना आजारी होते, म्हणून फाइल माझ्याकडे आली. कोविडच्या उपचारासाठी रुग्णांना मिळालेल्या मदतीवर कर नाही, एवढे मी वाचले होते. तीच सवलत डॉक्टरांना लावून मोकळा झालो. जमा वाचून दाखवल्या नाहीत. विचारले असते तर डॉक्टरांनीच सांगितले असते, की हा कामाचा मोबदला आहे.

नोटीस आली. कर, व्याज, वर दंड. डॉक्टरांनी ते पैसे केव्हाच ऑक्सिजनच्या वाहिनीत घातले होते. ते तावातावाने आले. "नाना, डोळे मिटून विश्वास टाकला तुमच्यावर!"

मी शेजारीच उभा होतो. नाना म्हणाले, "डॉक्टर, कार्यालय मनं, चूकबी मनीच शे." कार्यालय माझे म्हणून चूकही माझीच, असे म्हणत त्यांनी ती अंगावर घेतली.

मी तोंड उघडले नाही. माझे लग्न ठरत होते आणि नोकरी जाईल ही धास्ती होती. हे कारण लिहितानाही लाज वाटते.

डॉक्टरांनी फाइल जळगावला दुसऱ्या सल्लागाराकडे नेली. मागोमाग त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनीही नेल्या. नानांचे आता वय झाले, असे पार धुळ्यापर्यंत बोलले गेले. खरे सांगून टाकतो म्हटले, तर नानांनी अडवले. "तुनं आते सुरू व्हयनं. मनं तं व्हई गयं." माझे आयुष्य आता सुरू झाले, त्यांचे होऊन गेले, एवढाच त्यांचा हिशेब. आणि मी अडवून घेतले. आजही लग्नकार्यात नाना आधी हात जोडतात, डॉक्टर मान फिरवून पुढे जातात. मी ते पाहत आलो आहे.

म्हणून नानांच्या पंचाहत्तरीनिमित्त सर्वांसमक्ष लिहितो, ती चूक माझी होती. नाना चुकले नव्हते. हे लिहायला मी त्यांची परवानगी मागितलेली नाही, कारण त्यांनी ती दिली नसती. हा ग्रंथ पहूरला मी स्वतः नेऊन देणार आहे.

फार उशीर केला, नाना. आपणांस निरोगी, उदंड आयुष्य लाभो. निदान इतके, की पुढच्या एखाद्या मांडवात आपण हात जोडाल आणि डॉक्टर थांबतील.