वाढे तोडणाऱ्याचे

कारखान्याच्या शेतकी खात्यात फिल्डमन म्हणून मी रुजू झालो, त्या दिवशी आमचे शेतकी अधिकारी श्री. माधवराव थिटे यांनी मला उसाचा एकही फड दाखवला नाही. संध्याकाळी कोप्यांवर जाऊन बसा, एवढेच सांगितले. मी पदविका घेऊन आलेलो, त्यामुळे जरा खट्टूच झालो. कोप्या म्हणजे ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या झोपड्या. तिथे बायका वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून रस्त्याकडेला बसल्या होत्या आणि गावातले म्हशीवाले त्या विकत नेत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला समजावले. तोडीची मजुरी मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीत वळती होते. हातात काही आलेच तर हंगाम संपल्यावर. रोजचे पीठमीठ या पेंढ्यांवर. गाडीच्या बैलांचा चाराही हाच. बैल उपाशी राहिले तर ऊस येणार नाही आणि गाळप बंद पडेल. एवढी उंच चिमणी, एवढे संचालक, आणि सगळा डोलारा शेंड्यांवर उभा! वाढे तोडणाऱ्याचे, हा रिवाज कुठे लिहिलेला नव्हता. शेंड्याला फारसा भाव नाही तोवर सगळे तो पाळतील, असे साहेब म्हणत.

बाहत्तरच्या दुष्काळात शेंड्याला भाव आला. कडबा मिळेना, जनावरे छावणीत गेली. मग सभासदांना एकाएकी आठवले की ऊस आपला, तेव्हा शेंडाही आपलाच. काही संचालकांनी तसा हुकूम काढायला साहेबांना सांगितले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. त्यांच्याही गोठ्यात जनावरे तडफडत होती. साहेब म्हणाले की या हुकुमावर मी सही करणार नाही, दुसरा अधिकारी नेमा. ऐन हंगामात दुसरा अधिकारी कुठून आणणार? वाढे मजुरांकडेच राहिले. साहेबांना मात्र त्यानंतर कोणी धड नमस्कार करीना. त्यांच्या घरची म्हैसही त्याच वर्षी विकली गेली. आम्ही कामाचे बोलायला गेलो की वहिनी कोरा चहा पुढे करत आणि ओशाळत. तरी चहा घेतल्याशिवाय त्यांनी कोणाला परत पाठवले नाही.

एवढ्यावर भागले असते तर बरे झाले असते. साहेब मूळचे खर्ड्याकडचे. थोरले बंधू आबा यांनी स्वतः शाळा सोडून त्यांना शिकवले. एके दिवशी आबा एसटीने आले. गावाकडे परतणारा एक ट्रक रिकामा आहे, त्यात वाढे भरून दे, माझी बैलजोडी जगेल, एवढेच त्यांचे मागणे. मी ऑफिसातच होतो. साहेबांनी पायांत चपला सरकवल्या.

"आबा, वाढं त्यांचं हाय. चला कोप्यांवर, मी इकत घिऊन देतो. तसंच न्हाई देता यायचं."

"भावाच्या दारात इकत?" असे म्हणून आबा उठले.

साहेबांनी पगारातून पेंढ्या घेतल्या आणि ट्रक भरून मागोमाग पाठवला. आबांनी तो शेजाऱ्याच्या गोठ्यापुढे रिकामा करायला लावला आणि पुढच्या बाजारी स्वतःची बैलजोडी विकली. त्यानंतर ते साहेबांच्या घरी आले नाहीत, की चिठ्ठीचपाटी नाही. साहेब या गोष्टीबद्दल कधी बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही.

आता साहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्याच संचालकांपैकी काहीजण गौरव समितीत आहेत आणि शालीचा रंग ठरवण्यात त्यांच्या दोन बैठका झाल्या. अशा समारंभांचा मला कंटाळा आला आहे. खरे सांगायचे तर आताशा सगळ्याचाच येतो. तरी आबांना आमंत्रण द्यायला मी स्वतः खर्ड्याला गेलो. त्यांनी पाणी दिले आणि पत्रिका घेतली.

"त्याचं खरं हुतं, त्ये मला तवाबी कळत हुतं," ते म्हणाले. "पर बैलं माझी गेली. येईन मी. बोलायला मातर लई येळ लागंल."

गौरवलेखाच्या शेवटी शतायुष्य चिंतायचे असते. आजवर अनेकांसाठी मी ते लिहिले आणि लिहून विसरलो. या वेळी मात्र मनापासून मागतो, साहेबांसाठी आणि आबांसाठीही. दोघांनाही निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळो. त्यांना वेळ लागणार आहे.