टीव्हीतला शिंपी
शिंपीदादा हप्त्याला मुदत मागायला कर्ज देणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात गेला होता. बाकांवर त्याच्यासारखेच कर्जदार बसले होते आणि भिंतीवरच्या टीव्हीवर ‘झेपेल तेवढंच कर्ज घ्या’ असं सांगणारी कार्टूनफिल्म चालू होती. तिच्यातला ढेरपोट्या शिंपी नव्या मोबाइलसाठी कर्ज काढतो, ते फेडायला दुसरं काढतो आणि शेवटी वसुलीवाले त्याची पँटसुद्धा ओढून नेतात. सगळे खो खो हसले. दादाही हसला.

मग पँट गेल्यावरही तो शिंपी लोकांना थापा मारताना कानाची पाळी चोळू लागला आणि दादाचं हसू ओठांवरच विरलं. ती सवय त्याचीच होती. असल्या फिल्मा बनवणारी त्याची धाकटी बहीण ती सवय चांगलीच ओळखून होती.

बाहेर येऊन त्याने तिला फोन लावला.

“तो मीच ना गं?”

“अरे दादा, कार्टून आहे ते! मनाला काय लावून घेतोस?”

“पण मी मोबाइलसाठी कुठे काढलं होतं कर्ज? तुझ्या ॲनिमेशनच्या कोर्सची फी भरायला काढलं होतं.”

ती लहान मुलाची समजूत घालावी तशी म्हणाली, “ते दाखवलं असतं तर कोण हसलं असतं, दादा?”

तेवढ्यात शिपायाने दारातून डोकं बाहेर काढलं, दादाला नीट न्याहाळलं आणि आत वळून ओरडला, “साहेब, तो टीव्हीतला आलाय!”

साहेबांनी मुदत दिली नाही. सेल्फी मात्र त्याच्या खांद्यावर हात टाकून काढून घेतला.